दरवाज्यापुरतं लाकूड

“अगं, त्या माणसाला किती अवघडल्यासारखं झालं होतं ते तू पाहिलं नाहीस,” वैद्य म्हणाला. “चेहरा पांढराफटक पडला होता बिचाऱ्याचा. त्याचं मन हलकं करायला काहीतरी करायला नको होतं?”

“म्हणून दरवाज्याच्या फळ्या त्याला देऊन टाकल्यात.”

“तेवढंच हाताशी होतं.”

त्याच्या बायकोने, साऱ्या गल्लीच्या वहिनींनी, कणकेची परात ओट्यावर आपटली. “म्हणजे पडदा त्याने ओढला, लाजेने मेली आपली सून, आणि समजूत काढलीत ती त्याची! वर आहेर दिलात. उद्या चोर आला तर त्याला पोहोचवायला रिक्षा बोलवाल.”

“डोळे मिटले त्याने. लगेच मिटले. मला स्वतः म्हणाला.”

“मिटले म्हणजे आधी उघडे होते ना?”

“मी असते तर तांब्या घातला असता टाळक्यात,” खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आदल्या दिवशी दुपारी वहिनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, तेवढ्या वेळातच हे सगळं घडलं होतं. परत येऊन बघतात तर सुनेची बॅग दारात, सून चपला घालतेय, आणि तिच्या खोलीतल्या पलंगाखाली, जिथे फळ्या असायच्या तिथे, धुळीचा एक लांबलचक चौकोन.

“आई, दरवाजा बसला की येते,” सून म्हणाली होती. चिडून म्हणाली असती तर वहिनींना बरं वाटलं असतं. ती अगदी नीट, सावकाश बोलली.

मुलगा आता चहाच्या कपात बघत बसला होता. भांडण दोन्ही बाजूंनी डोक्यावरून जात असताना कपात बघण्याची कला तो लहानपणीच शिकला होता. “शनिवारपासून मीही तिच्या माहेरीच जातोय राहायला,” तो म्हणाला. “त्यांच्याकडे दरवाजा आहे.”

“दरवाजा म्हणजे नुसतं लाकूड नसतं,” वैद्य म्हणाला.

“नसू दे,” वहिनी म्हणाल्या. “आपल्याकडे तर तेही नाही.”

वैद्य हे काही त्याचं नाव नव्हतं आणि त्याने कधी कुणाला साधी गोळीही दिली नव्हती. त्याची जुन्या लाकडाची वखार होती. पाडलेल्या इमारतींच्या तुळया, खांब, जिन्याच्या पायऱ्या तो विकत घ्यायचा. नवी तुळई आली की तो तिच्यावर पंजा टेकायचा, डोळे अर्धवट मिटायचा आणि बराच वेळ काही बोलायचा नाही, जणू तुळई आता खोकणारच. ते पाहून करवतीवरच्या माणसाने त्याचं नाव वैद्य ठेवलं. नाव गल्लीभर झालं. त्याला स्वतःला ते इतकं आवडलं की त्यातली चेष्टा त्याला आजवर दिसली नव्हती.

वखार वडिलांची. वडील सरळ माणूस होते: लाकूड आणायचं, खिळे काढायचे, करवतीवर घालायचं, फळ्या पाडायच्या, विकायच्या. मुलाच्या हातात वखार आली आणि लाकूड कापायचं बंदच झालं. आणलेली तुळई कापायला त्याचं मन धजेना. “शंभर वर्षं छप्पर पेललंय तिने. तिला एकदम फळी कर म्हणायचं?” येणाऱ्या गिऱ्हाईकाला तो आधी तासभर तुळईचं चरित्र सांगायचा. मग कधी कुणी अख्खीच्या अख्खी तुळई उचलून न्यायचा, तेव्हा हा मुलगी सासरी पाठवल्यासारखा तोंड करून फाटकात उभा राहायचा. दुसऱ्यांनी कापायला आणलेलं लाकूड मात्र करवतीवरचा माणूस दिवसभर कापत असे, आणि घर त्यावरच चालत असे. ही गोष्ट वैद्य गिऱ्हाइकांना सांगत नसे.

घर वखारीच्या मागेच, एका भिंतीआड. त्या घरात बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. जेवायचं टेबल पत्र्याचं, घडीचं. एक पाय सारखा मिटायचा, म्हणून तिथे जो बसेल त्याने तो गुडघ्याने दाबून धरायचा आणि जेवायचं. चांगल्या लाकडाचं टेबल करायचं कधीपासून ठरलं होतं. त्याला साजेशी तुळई सापडायची होती. पाहुणे आले की वैद्य त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत मागे रेलून सांगायचा, की आजकाल लोकांना लाकडाची जाणच उरलेली नाही. खुर्ची करकरायची. वहिनी चहा ठेवून आत जायच्या, कारण बाहेर थांबल्या असत्या तर हसल्या असत्या, आणि त्या वयात नवऱ्याला हसणं म्हणजे त्याच्याकडे लक्ष दिल्यासारखं होतं.

न्हाणीघराला पूर्वी प्लायवूडचा दरवाजा होता. पाण्याने फुगून फुगून तो पापडासारखा सुटला आणि एका सकाळी सासूबाईंच्या अंगावर आला. सासूबाईंना काही झालं नाही. दरवाज्याचे मात्र दोन तुकडे झाले. वहिनी त्याच दिवशी बाजारातून प्लास्टिकचा दरवाजा घेऊन आल्या. वैद्याने तो संध्याकाळी स्वतः परत नेऊन दिला. “वखारवाल्याच्या घरात प्लास्टिकचा दरवाजा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!” लोक वखारवाल्याच्या न्हाणीघरात कशाला येतील, असं वहिनींनी विचारलं होतं. आता त्याचं उत्तर मिळालं होतं.

तर पडदा लावला. त्यावर निळे मासे होते. हळूहळू घराने पडद्याचे नियम बसवले: आत कुणी असेल तर दांडीवर लाल टॉवेल टाकायचा. सासूबाईंचा टॉवेलवर विश्वास नव्हता. त्या आत असल्या की मोठमोठ्याने गात असत, आणि गाणं थांबलं की त्या अंगाला साबण लावताहेत का पडल्या आहेत, हे बघायला कुणालातरी जावं लागे. मुलगा पायाने बादली वाजवायचा. वैद्य काहीच करत नसे. आपण आत आहोत हे जगाला आपोआप कळतं असा त्याचा समज होता.

या घरात मुलाचं लग्न झालं आणि सून आली. पहिल्या दिवशी तिने पडद्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, नियम ऐकून घेतले आणि विचारलं, “आई, आणि दोन माणसं एकदम आत असली तर दोन टॉवेल टाकायचे का?” वहिनी इतक्या हसल्या की ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्या घरात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्यांना हसवलं होतं. त्या दिवसापासून दुपारच्या भाजी निवडण्याला अर्थ आला. वैद्य जेवताना एखाद्या तुळईचं गुणगान करू लागला की सून मान खाली घालून फक्त एवढंच विचारायची, “बाबा, ती जेवते का?” वैद्याला प्रश्न जिज्ञासेचा वाटायचा.

सुनेसाठी म्हणून वहिनी हटून बसल्या. दरवाजा हवा, आणि तो लाकडाचाच हवा असेल तर लाकडाचा, पण हवा. बरेच दिवस त्यांनी वैद्याला दुसरं काही बोलूच दिलं नाही. शेवटी एका जुन्या गोदामाची तुळई निघाली, जिच्याबद्दल वैद्याच्या मनात फारसा आदर नव्हता, आणि ती करवतीवर घालायचं ठरलं.

त्या दिवशी वहिनी मुद्दाम बघायला गेल्या, वाटेत कुणाचं मन बदलू नये म्हणून. करवतीवरचा माणूस सकाळपासून लोहचुंबक घेऊन तुळईवर फिरवत होता. चुंबक जिथे चिकटेल तिथे खडूची फुली. फुलीवर छिन्नी, पकड, आणि काळपट वाकडा खिळा बाहेर. एक खिळा आत राहिला तर करवतीचे दात जातात. वैद्य बाजूला उभा राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होता. पट्ट्याची करवत सुरू झाली, कान बधिर झाले, आणि तुळईची पहिली साल, राखाडी, भेगाळलेली, खिळ्यांच्या भोकांनी भरलेली, बाजूला पडली. आतलं लाकूड मधाच्या रंगाचं होतं. वास असा आला, की जणू झाड कालच तोडलंय. खोटं कशाला, त्यांनाही ते आवडलं. मग त्यांनी वैद्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनींचं आवडणं तिथेच संपलं.

फळ्या पडल्या, आणि पडताच जराशा धनुष्यासारख्या वाकल्या. “बघ, श्वास सोडतेय,” वैद्य म्हणाला. “शंभर वर्षांचं ओझं एकदम उतरलं की असं होतं. आता हिला विसावा पाहिजे.”

“किती?”

“ते लाकूड सांगेल.”

विसाव्याला कोरडी जागा हवी. घरातली सर्वांत कोरडी खोली मुला-सुनेची. मग फळ्या त्यांच्या पलंगाखाली गेल्या, मध्ये मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळती राहील, आणि वर विटांचं वजन. वैद्य रोज सकाळी वाकून बघायचा. खिडकी किती उघडी ठेवायची, पंखा कुठल्या वेगाने फिरवायचा, हे तो सुनेला सांगायचा. वहिनींच्या बाळंतपणात त्याने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. सुनेच्या नडगीला विटांनी निळे डाग पडले. “आई, लाकूड झोपलंय,” ती कुजबुजायची, “मी पण जरा पडू का, की त्याची हरकत असेल?” वैद्याला घाई नव्हती. लाकूड अजून काही सांगत नव्हतं.

आणि मग हॉटेलवाला आला.

शहरात त्याने नवं हॉटेल काढलं होतं, आणि त्याला जुनंपुराणं दिसणारं एक लांब टेबल हवं होतं, दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात फिरेल असं. तो तासभर वैद्याचं ऐकत बसला. म्हणजे खरोखर ऐकत बसला. मध्ये घड्याळ पाहिलं नाही, मध्ये “वा” म्हणाला, आणि एकदा तर “तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत” असंही म्हणाला. वैद्याचा पार लोण्याचा गोळा झाला. तुळया चाचपून हॉटेलवाल्याचे हात काळे झाले, तेव्हा वैद्यानेच सांगितलं, “आत जा, डाव्या हाताला पाणी आहे.” हॉटेलवाला आत गेला. त्याला दांडीवर लाल टॉवेल दिसला. त्याने टॉवेल काढून त्याला हात पुसले, आणि मग नीट धुवावेत म्हणून पडदा ओढला.

सून ओरडली. हॉटेलवाला त्याहून जोरात ओरडला. वैद्य धावत आला, आणि त्याने पाणी दिलं ते हॉटेलवाल्याला. त्याला खुर्चीत बसवलं, वारा घातला, आणि माणूस तरीही घाम पुसत “काय हो हे, काय हो” म्हणत राहिला, तेव्हा त्याला सुनेच्या खोलीत नेऊन पलंगाखालच्या फळ्या दाखवल्या. हॉटेलवाल्याने फळीवर हात फिरवला आणि त्याचा रंग परत आला. संध्याकाळच्या आत फळ्या टेम्पोत चढल्या होत्या. लाकडाचा विसावा, म्हणे, पुरा झाला होता.

भांडण अर्धवट टाकून वहिनी वखारीत गेल्या. पोळ्या लाटता लाटता उठल्यामुळे लाटणं हातातच राहिलं होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती: दरवाज्याजोगी दुसरी तुळई. सून काही रुसून बसणाऱ्यांतली नव्हती. ती “दरवाजा बसला की येते” म्हणाली होती, म्हणजे दरवाजा बसला की आली असती, आणि नाही बसला तर आली नसती. नवरा-बायको दोघं तिकडेच रमली असती, आणि वहिनींच्या वाट्याला उरली असती आयुष्यभराची दुपार, एक गाणारी सासू, आणि हा.

करवतीवरचा माणूस करवतीच्या दातांना कानस लावत बसला होता. वर्षानुवर्षं लाकूड कापून त्याच्या भुवयांतसुद्धा भुसा असायचा.

“यातली कुठली घेता येईल?” वहिनींनी विचारलं.

“कुठलीच नाही. सगळ्यांवर खडू आहे.”

खरंच, प्रत्येक तुळईवर खडूने कुणाची ना कुणाची खूण होती. वैद्य कुणाला नाही म्हणू शकत नसे. ज्याने वाहवा केली त्याच्या नावाची तुळई. त्यातले निम्मे लोक पुन्हा फिरकलेही नव्हते.

“आणि ही?”

ही म्हणजे राणी. वखारीच्या मधोमध, दोन ठोकळ्यांवर, कोऱ्या ताडपत्रीखाली. वखारीतली सर्वांत जाड, सर्वांत लांब तुळई. ती एका जुन्या नाटकगृहाच्या छपराची, असं वैद्य म्हणायचा. राणी विकायची नव्हती आणि कापायचं तर नावच नव्हतं. ती फक्त दाखवायची होती. गिऱ्हाईक आलं की वैद्य ताडपत्री दूर करायचा, बोटातल्या अंगठीने तिच्यावर टक् टक् ठोकायचा आणि म्हणायचा, “ऐका. घंटा आहे घंटा!” आणि खरोखरच स्वच्छ, खणखणीत आवाज यायचा.

वहिनींनी ताडपत्री फेकून दिली आणि लाटण्याने ठोकलं. टक्. घंटा होती. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकलं. टक्. आणखी पुढे. मग अर्ध्याच्या जरासं पलीकडे आवाज बदलला. पुठ्ठ्याच्या खोक्यावर चापट मारावी तसा. पुढे सगळीकडे तसाच. वहिनी शेवटपर्यंत गेल्या. खालच्या बाजूला, जिथे कुणी वाकून बघत नाही तिथे, लाकडाला लाखेने भरलेली एक फट होती, आणि लाखेवर नीट रंग दिलेला होता.

कानशीचा आवाज थांबला होता.

“वाळवी,” वहिनी म्हणाल्या.

“हं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“वहिनी, मला पगार कापायचा मिळतो. ठोकायचं काम मालकांचं.”

“आणि मालकांना?”

त्याने कानस फडक्याने पुसायला घेतली. उत्तराची गरजच नव्हती. वहिनींना ती अंगठी आठवली. इतकी वर्षं, इतकी गिऱ्हाइकं, आणि अंगठी पडायची ती कायम एकाच टोकाला. पाहुणा पलीकडे वळू लागला की वैद्य त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला घेऊन जायचा. माणूस लाकडाला देव मानतो म्हणून ते कापत नाही, अशी वहिनींची समजूत होती. तो खुळा आहे, आळशी आहे, पण जे काही आहे ते लाकडाच्या वेडापायी, असं धरून त्यांनी संसार रेटला होता. नवऱ्याला मूर्ख समजण्याचा उदारपणा त्यांनी इतकी वर्षं दाखवला होता. आणि हा मूर्खही नव्हता. एकदा चुकीची तुळई भाव देऊन घेतली, ते कुणाला कळू नये, म्हणून त्याने तिला राणी केलं. मग एकीला कापायचं नाही तर दुसरीला कसं कापायचं. कुणी विचारलं असतं, हिला का नाही? म्हणून कुठलीच कापायची नाही. तेच पुढे त्याचं तत्त्वज्ञान झालं, आणि त्या तत्त्वज्ञानापायी सासूबाई गात गात आंघोळ करत होत्या.

आपल्याला राग येईल असं वहिनींना वाटलं होतं. तो आला नाही. पोळी तव्यावर जळाल्याचा वास लागावा आणि उठून गॅस बंद करावा, तसं काहीतरी झालं.

“चांगलं कुठवर आहे?” त्यांनी विचारलं.

माणूस उठला. त्याने कान जवळ नेऊन, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकत ठोकत, एका जागी खडूने रेघ ओढली. “इथवर. पक्कं.”

“यात दरवाजा निघतो?”

त्याने वीत लावून पाहिली. “एक निघतो. चौकटीचं मात्र वेगळं बघावं लागेल.”

“चौकट आहे आमच्याकडे,” वहिनी म्हणाल्या. “दरवाजाच नाही.”

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. टेबलाचा पाय मुलाने गुडघ्याने दाबून धरला होता. सुनेची खुर्ची रिकामी होती. वैद्याने तिच्यावर आपला टॉवेल टाकला होता. तो प्रसन्न होता. हॉटेलवाल्याचा फोन आला होता.

“फळ्या म्हणे फारच सुंदर दिसताहेत,” तो म्हणाला. “उद्घाटनाला आपल्याला बोलावलंय. सगळ्यांना. सुनेलाही आठवणीने घेऊन या म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस आहे.”

“त्याने तिला ओळखलं तर बरं,” सासूबाई म्हणाल्या. “कपड्यांत कधी पाहिलेलं नाही.”

मुलाला ठसका लागला. वहिनींनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं, खुर्चीवरचा टॉवेल उचलून खुंटीला लावला आणि परत येऊन बसल्या.

“उद्या सकाळी राणी करवतीवर जाणार आहे,” त्या म्हणाल्या.

वैद्य हसला. मग त्याने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. “कुठली राणी?”

“आपल्याकडे एकच आहे.”

“वेड लागलंय का तुला? तिला हात लावायचा नाही. अगं, ते लाकूड... त्या लाकडाचं वय काय, त्याचा मान काय! असं लाकूड पुन्हा जन्मात मिळायचं नाही. तिला कुणी कापतं का? ती... तिच्यात...” तो थांबला. अंगठी असलेला हात त्याने टेबलाखाली घेतला.

“अर्ध्यापासून पुढे पोकळ आहे,” वहिनी म्हणाल्या. “माहीत आहे मला. दरवाज्यापुरती चांगली आहे. उरलेली जळणाला.”

सासूबाईंनी उघडा डोळा वैद्याकडे वळवला आणि तसाच ठेवला.

“करवतवाल्याला सांगून ठेवलंय, सुतारालाही,” वहिनी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या आणि मुलाच्या ताटात भाजी वाढली. “तू तिला फोन कर, रविवारी ये म्हणावं. आणि फळ्या विसावणार-बिसावणार नाहीत. जरा वाकडा बसला दरवाजा तरी चालेल. आतून कडी लागली म्हणजे झालं.”